निघता निघेना ते अ‍ॅप

प्रश्न : दिवाळीत मुलाने नवा अँड्रॉइड फोन घेऊन दिला. मी न मागितलेली कितीतरी अ‍ॅप्स त्यात आधीपासूनच बसलेली होती: गेम, खरेदी, बातम्या, एक जास्तीचा ब्राउझर. काही अ‍ॅप्स दाबून धरली की निघून जातात. काहींना ‘अनइन्स्टॉल’ हा पर्यायच दिसत नाही. एक तर काढल्यावर चार दिवसांनी पुन्हा हजर झालं. पैसे मोजले आम्ही, फोन आमचा. मग त्यात काय ठेवायचं हे आम्ही का ठरवू शकत नाही? (एक वाचक, मिरज)

उत्तर : तुम्ही एका दमात तीन वेगळ्या गोष्टी विचारल्या आहेत. निघणारं अ‍ॅप, न निघणारं अ‍ॅप आणि काढून परत येणारं अ‍ॅप यांच्या जाती वेगळ्या आहेत. ओळखायची खूण मात्र एकच: ते फोनमध्ये टाकलं कोणी, आणि टाकणाऱ्याने त्याला कोणते अधिकार देऊन ठेवले?

आधी न निघणाऱ्याचं पाहू. अँड्रॉइड फोनमधली साठवणीची जागा ढोबळमानाने दोन भागांत वाटलेली असते. एका भागात फोन चालवणारी सिस्टिम असते. तो कारखान्यातच भरून बंद केला जातो आणि वापरणाऱ्याला फक्त वाचता येतो, त्यावर काही लिहिता किंवा खोडता येत नाही. दुसऱ्या भागात तुमचे फोटो, तुमचे मेसेज आणि तुम्ही स्वतः घेतलेली अ‍ॅप्स असतात. कंपनीने एखादं अ‍ॅप पहिल्या भागात ठेवून दिलं, की ते काढायची सोय तुमच्या हातात उरत नाही. घराच्या भिंतीतच बांधून काढलेल्या कपाटासारखं हे आहे: रिकामं करता येतं, कुलूप घालता येतं, उचलून माळ्यावर टाकता येत नाही.

हा भाग बंद ठेवण्यामागे निव्वळ धंदा नाही, हेही सांगायला हवं. फोन सुरू होताना सिस्टिमचा भाग मूळचाच आहे ना, कोणी त्यात ढवळाढवळ केलेली नाही ना, याची पडताळणी होते. त्यामुळे एखादं घातक अ‍ॅप चुकून आलंच, तरी त्याला सहसा या भागात शिरता येत नाही आणि फोन पूर्ण पुसला की ते जातं. म्हणजे जे कुलूप चोराला बाहेर ठेवतं, तेच कंपनीने पैसे घेऊन आत बसवलेल्या खरेदीच्या अ‍ॅपलाही सांभाळतं. कुलपाबद्दल माझी तक्रार नाही; आत कोणाला बसवलं याबद्दल आहे.

कंपनीने दिलेल्या गेमांपैकी काही मात्र पटकन निघतात, कारण ते कंपनीने दुसऱ्या, म्हणजे तुमच्या भागात टाकलेले असतात. ते खुशाल काढा. फोन पूर्ण पुसून नव्याने सुरू केला, तर बहुधा ते परत येतील, एवढंच लक्षात असू द्या.

न निघणाऱ्यांसाठी दोन पर्याय उरतात. सेटिंग्जमध्ये अ‍ॅप्सच्या यादीत जाऊन त्या अ‍ॅपचं पान उघडा. तिथे ‘डिसेबल’ असं बटण दिसेल. ते दाबलं की अ‍ॅपचं चिन्ह जातं, ते मागे चालायचं थांबतं, अपडेट मागत नाही, नोटिफिकेशन पाठवत नाही. ही सोय अँड्रॉइडमध्ये २०११ सालच्या ४.० आवृत्तीपासून आहे आणि रोजच्या वापरापुरतं अ‍ॅप गेल्यात जमा होतं. त्याच पानावर, कधी कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांमागे, ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’ असतं. कारखान्यातून आलेली प्रत पहिल्या भागात असते, पण तिचे नंतरचे सगळे अपडेट तुमच्या भागात येऊन साठतात आणि मूळ प्रतीपेक्षा कितीतरी फुगतात. ते काढले की ती जागा खरोखर मोकळी होते. मूळ प्रत तशीच राहते, पण तिने अडवलेली जागा तशीही तुमच्या वाट्याला येणार नव्हती. म्हणून आधी अपडेट काढा आणि मग डिसेबल करा. बऱ्याच फोनांवर डिसेबल करतानाच ‘मूळ आवृत्तीवर आणायचं का’ असं विचारलं जातं. तिथे होकार दिला की दोन्ही कामं एकदम होतात.

‘डिसेबल’चं बटणही करडं, मेलेलं दिसत असेल, तर ते अ‍ॅप सिस्टिमच्या गाभ्यातलं आहे किंवा त्यावर कंपनीने सिस्टिमचीच डिजिटल सही केलेली आहे. तिथे हात न लावलेला बरा. फार तर त्याचे नोटिफिकेशन बंद करा, इंटरनेटचा मागच्या दाराने होणारा वापर बंद करा आणि त्याला दिलेल्या परवानग्या काढून घ्या.

आता ते परत येणारं अ‍ॅप. ते स्वतःहून येत नाही, दुसरं कोणीतरी आणून बसवतं. कोण, ते शोधता येतं आणि ही युक्ती फार थोड्यांना ठाऊक असते. अ‍ॅपच्या त्याच पानावर अगदी खाली गेलात, की ‘अ‍ॅप डीटेल्स’ नावाची ओळ असते आणि तिच्याखाली ते कुठल्या दुकानातून आलं हे लिहिलेलं असतं. तिथे गूगल प्ले स्टोअरचं नाव असेल, तर ते बहुधा तुम्ही किंवा घरातल्या कोणी घेतलेलं असतं. फोन बनवणाऱ्या कंपनीच्या स्वतःच्या दुकानाचं नाव असेल, तर खरा उद्योग त्या दुकानाचा. ते दुकान उघडा, त्याच्या सेटिंग्जमध्ये आपोआप डाउनलोड, आपोआप अपडेट आणि ‘तुमच्यासाठी निवडलेली अ‍ॅप्स’ अशा नावाचं जे जे असेल ते बंद करा. सिस्टिमचा मोठा अपडेट आल्यावर ‘ही अ‍ॅप्सही घ्या’ अशी यादी समोर येते. त्यात खुणा आधीच केलेल्या असतात आणि पुढे जायचं बटण मोठं, ठळक असतं. तिथे घाई करू नका. परत येणाऱ्या अ‍ॅपांपैकी बरीचशी याच यादीतून शिरतात.

तुमचा खरा प्रश्न मालकीचा आहे, आणि तो न्यायालयांपर्यंत गेलेला आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने २० ऑक्टोबर २०२२ रोजी गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला. प्ले स्टोअर हवं असेल तर गूगलची इतर अ‍ॅप्सही आधीपासून भरलीच पाहिजेत, अशी अट गूगल फोन कंपन्यांना घालत होतं. त्यावर आयोगाचा आक्षेप होता. आधीपासून भरलेली आपली अ‍ॅप्स काढण्यापासून गूगलने वापरणाऱ्याला अडवू नये, असाही एक निर्देश त्या आदेशात होता. तुमच्या मनातलंच ते. पुढे २९ मार्च २०२३ रोजी राष्ट्रीय कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, पण काही निर्देश रद्द केले, आणि त्यांत नेमका हा होता. युरोपात उलट झालं. तिथल्या डिजिटल बाजारपेठेच्या कायद्याने मोठ्या कंपन्यांना अ‍ॅप्स काढण्याची सोय द्यायला भाग पाडलं आणि २०२४ च्या अखेरीस युरोपातल्या आयफोनवर सफारी, कॅमेरा, फोटो, अगदी अ‍ॅपलचं अ‍ॅप स्टोअरसुद्धा काढून टाकता येऊ लागलं. अ‍ॅप स्टोअर काढून कोणाला काय मिळणार, हा प्रश्न वेगळा. पण तो निर्णय वापरणाऱ्याचा.

आपल्याकडे २०२५ च्या शेवटी हाच विषय सरकारच्या अंगाने आला. दूरसंचार विभागाने २८ नोव्हेंबरच्या निर्देशाने ‘संचार साथी’ हे अ‍ॅप नव्या फोनांत आधीपासून भरायला सांगितलं, ९० दिवसांची मुदत दिली आणि त्याचं काम बंद पाडता येऊ नये असंही म्हटलं. गदारोळ झाला. ते काढता येईल, असा खुलासा मंत्र्यांनी केला आणि ३ डिसेंबरला सक्तीच मागे घेतली गेली. चोरीला गेलेला फोन बंद करायला आणि आपल्या नावावर किती सिम आहेत ते पाहायला ते अ‍ॅप उपयोगी आहे. ज्याला ते उपयोगी वाटेल तो घेईल. उपयोगी असणं आणि काढता न येणं या दोन गोष्टी एकत्र का बांधायच्या, हे मला तेव्हाही कळलं नव्हतं.

एक पुरवणी, कारण हे पत्र वाचून घरातला कोणी तरुण म्हणणारच, ‘द्या इकडे, लॅपटॉपला जोडून काढून देतो.’ एडीबी नावाचं साधन वापरून, फोनचं कुलूप न तोडता, न निघणारी अ‍ॅप्सही घालवता येतात हे खरं. पण त्या साधनाच्या आज्ञेने अ‍ॅप फक्त तुमच्या खात्यापुरतं निघतं. मूळ प्रत सिस्टिमच्या भागात असते तिथेच राहते. त्यामुळे जागा वाढत नाही आणि फोन पुसला की अ‍ॅप परत. नावावरून निरुपयोगी वाटणारं एखादं अ‍ॅप खरं तर कीबोर्डचं किंवा सिमचं काम करत असतं; ते उडालं तर फोन कंपनीचं चिन्ह दाखवत सारखा बंद-चालू होत बसतो आणि शेवटी सगळा पुसावा लागतो. करायचंच असेल तर आधी फोटोंची प्रत काढून ठेवा, एकेक अ‍ॅप घालवून दोन दिवस बघा, आणि काम झाल्यावर, त्यासाठी चालू केलेलं ‘यूएसबी डीबगिंग’ आठवणीने बंद करा. ते चालू दिसलं तर काही बँकांची अ‍ॅप्स उघडायलाच नकार देतात. डिसेबलने भागत असेल तर या वाटेला जाऊ नये, असं माझं मत आहे.

प्रश्न : व्हॉट्सअ‍ॅपवर वाहन चलनाच्या नावाने एक फाइल आली. माझ्या भावाने ती उघडली आणि काहीतरी इन्स्टॉल झालं. आता ते काढायला गेलं की सेटिंग्जचं पान आपोआप बंद होतं. (एक वाचक, अकोला)

उत्तर : हे आधी वाचा आणि लगेच करा, बाकीचं नंतर. भावाचा फोन ‘फ्लाइट मोड’वर टाका आणि वायफायही बंद असल्याची खात्री करा. दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा, नेट बँकिंग आणि यूपीआय थांबवायला सांगा. पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करा. जितकं लवकर, तितकी रक्कम वाटेत अडवली जाण्याची शक्यता जास्त. आलेला मेसेज, पाठवणाऱ्याचा क्रमांक, अ‍ॅपचं नाव यांचे फोटो दुसऱ्या फोनने काढून ठेवा, तक्रारीला लागतील.

चलन, लग्नपत्रिका, किसान योजनेची यादी, वीजबिल अशा नावांनी येणाऱ्या या फायली एपीके असतात, म्हणजे प्ले स्टोअरला वळसा घालून थेट बसणारी अ‍ॅप्स. बसताना ती दोन-तीन परवानग्या गळ्यात मारतात. एसएमएस वाचायची परवानगी मिळाली की ओटीपी त्यांच्या हातात जातो. ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’ ही सोय खरं तर अंध किंवा हात नीट न चालणाऱ्या लोकांसाठी केलेली आहे. तिच्यामुळे अ‍ॅपला पडदा वाचता येतो आणि तुमच्या वतीने बटणंही दाबता येतात. भाऊ अनइन्स्टॉलच्या पानावर पोचला, की ते अ‍ॅपच मागे जायचं बटण दाबतं. पान आपोआप बंद होतं ते त्यामुळे. तिसरा अधिकार ‘डिव्हाइस अ‍ॅडमिन’चा. ऑफिसच्या फोनांवर देखरेख ठेवता यावी म्हणून अँड्रॉइडमध्ये २०१० साली ही सोय आली. ज्या अ‍ॅपला हा अधिकार दिला आहे, ते अधिकार काढून घेईपर्यंत अनइन्स्टॉल होतच नाही.

त्यावर उपाय सेफ मोडचा. फोन बंद करायचा पर्याय पडद्यावर आणा आणि ‘पॉवर ऑफ’वर बोट दाबून धरा, सेफ मोडमध्ये सुरू करू का, असं फोन विचारेल. काही फोनांवर असं होत नाही. तिथे फोन सुरू होताना आवाज कमी करायचं बटण दाबून धरावं लागतं. पडद्याच्या कोपऱ्यात ‘सेफ मोड’ अशी अक्षरं आली, की बाहेरून घेतलेलं एकही अ‍ॅप चालू नसतं. मग क्रमाने जा: आधी अ‍ॅक्सेसिबिलिटीमध्ये अनोळखी नाव दिसेल ते बंद करा, मग सेटिंग्जच्या शोधपट्टीत इंग्रजीत ‘अ‍ॅडमिन’ टाइप करून डिव्हाइस अ‍ॅडमिनच्या यादीतून त्याचा अधिकार काढा, आणि शेवटी अ‍ॅप्सच्या संपूर्ण यादीतून ते अनइन्स्टॉल करा. होम स्क्रीनवर शोधत बसू नका, अशी अ‍ॅप्स आपलं चिन्ह लपवतात. यादीतही ती ‘सिस्टिम अपडेट’ वगैरे साळसूद नाव घेऊन, कधी कोऱ्या चिन्हासह बसलेली असतात. डाउनलोड फोल्डरमधली मूळ फाइलही पुसा.

फोन नेहमीसारखा सुरू करून ‘फ्लाइट मोड’ काढल्यावर ##००२# हा क्रमांक डायल करा. अशी अ‍ॅप्स कधीकधी तुमचे कॉल दुसरीकडे वळवून ठेवतात. याने ते वळवणं रद्द होतं. मग प्ले स्टोअरमधलं ‘प्ले प्रोटेक्ट’ चालवून घ्या. पासवर्ड आणि यूपीआय पिन दुसऱ्या, स्वच्छ फोनवरून बदला. एवढं करूनही मनात शंका राहिली, तर फोन पूर्ण पुसणं हाच खात्रीचा मार्ग आहे. सेफ मोडमुळे होम स्क्रीनवरचे विजेट कधी विस्कटतात. त्याने घाबरू नका.

आणि हो, अ‍ॅप काढून देणारं म्हणून आणखी एखादं ‘क्लीनर’ अ‍ॅप या गडबडीत घेऊ नका.

प्रश्न : मुलीला शिकवणीच्या कंपनीकडून टॅब मिळाला होता. कोर्स संपला, पण त्यांचं अ‍ॅप निघत नाही आणि दुसरं काही टाकूही देत नाही. (एक आई, नाशिक)

उत्तर : इथे सेफ मोड चालणार नाही. टॅब पहिल्यांदा सुरू करतानाच कंपनीने आपलं नियंत्रणाचं अ‍ॅप त्याचं मालक म्हणून नोंदवलेलं असतं. काय दिसावं, काय बसावं, टॅब पुसता यावा की नाही, हे सगळं तिकडून ठरतं. बऱ्याचदा पुसल्यावरही इंटरनेट मिळताच ते अ‍ॅप पुन्हा उतरतं. हप्त्यांवर घेतलेल्या काही फोनांवरही असंच कुलूप असतं. तिथे हप्ता चुकला की पडदा अडतो आणि कर्ज फिटल्यावर ते काढून घेणं हे देणाऱ्याचं काम.

तेव्हा बिल, कोर्स संपल्याचा पुरावा आणि टॅबचा आयएमईआय किंवा सीरियल क्रमांक जोडून, नियंत्रण काढून टाकण्याची विनंती लेखी करा, तोंडी नको. बाजारात पाचशे-हजारात ‘अनलॉक’ करून देणारे भेटतात. त्यांच्या हातात टॅब आणि त्यातली खाती देण्याआधी चार वेळा विचार करा. जुना फोन किंवा टॅब विकत घेताना लॉकस्क्रीनवर ‘हे उपकरण संस्थेच्या मालकीचं आहे’ अशा अर्थाची ओळ दिसली, तर व्यवहार तिथेच थांबवा.

आयपॅडवर ‘अ‍ॅप काढा’ हा पर्याय दिसत नसेल, तर बहुतेक वेळा कारण साधं असतं. मुलांसाठी म्हणून कोणीतरी ‘स्क्रीन टाइम’मधल्या निर्बंधांत अ‍ॅप्स काढायला मनाई करून ठेवलेली असते. तो पासकोड ज्याने ठेवला त्याला आठवला म्हणजे झालं.

प्रश्न : अ‍ॅप काढलं, तरी दर महिन्याला पैसे कापले जातात. (एक वाचक, ठाणे)

उत्तर : अ‍ॅप काढल्याने वर्गणी रद्द होत नाही. प्ले स्टोअरमध्ये उजव्या कोपऱ्यातल्या आपल्या चित्रावर दाबा, ‘पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स’मध्ये जा आणि तिथून ती बंद करा. आयफोनवर सेटिंग्जमध्ये सगळ्यात वर असलेल्या आपल्या नावावर दाबल्यावर ‘सबस्क्रिप्शन्स’ सापडतं. तिथे काही नसेल, तर कपात यूपीआय ऑटोपेने होत असणार. ज्या यूपीआय अ‍ॅपवरून मंजुरी दिली, त्यात ‘ऑटोपे’ किंवा ‘मँडेट’ शोधा आणि ती रद्द करा. पिन विचारला जाईल, पैसे जाणार नाहीत. कार्डावरून कापले जात असतील, तर बँकेच्या अ‍ॅपमध्ये त्या कार्डाच्या कायमच्या सूचनांची यादी पाहा. खातं मात्र त्या कंपनीकडे तसंच राहतं. ते पुसायचं असेल, तर अ‍ॅप पुन्हा एकदा घेऊन आतून ‘डिलीट अकाउंट’ करा. खातं उघडू देणाऱ्या अ‍ॅपांनी ही सोय दिलीच पाहिजे, असा अ‍ॅपलचा नियम २०२२ पासून आहे आणि गूगलनेही पुढे तो लागू केला. सोय सहसा सेटिंग्जच्या तळाशी, ‘प्रायव्हसी’ किंवा ‘हेल्प’च्या पोटात सापडते.